नळी निघाल्यानंतर

२०२४ च्या जानेवारीत अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन तीन-चार दिवस कुठे आहेत, हे खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही ठाऊक नव्हतं. २२ डिसेंबरला वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांची प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी ते घरी गेले आणि १ जानेवारीला वेदना असह्य झाल्याने पुन्हा भरती झाले. ते रुग्णालयात असल्याची बातमी व्हाइट हाउसला ४ जानेवारीला लागली आणि आजार कॅन्सरचा आहे, हे ९ तारखेला कळलं. १ फेब्रुवारीला ऑस्टिन यांनी पत्रकारांसमोर उभं राहून माफी मागितली. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू. पण चार ताऱ्यांचा सेनापती ज्या दुखण्याबद्दल आपल्या वरिष्ठाशीही बोलू शकत नाही, त्याबद्दल साताऱ्यातले निवृत्त मास्तर आपल्या सुनेसमोर काय बोलणार?

हा कॅन्सर वेळेत सापडला तर बहुतेकांचा जीव वाचतो. म्हणूनच वाचलेला जीव पुढची पंधरा-वीस वर्षं कसा जगतो, हा प्रश्न इथे इतर कॅन्सरपेक्षा मोठा होऊन बसतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे साडेचौदा लाख पुरुषांना हा आजार होतो. भारतात हा आकडा अडतीस हजारांच्या आसपास आहे. 'लॅन्सेट'ने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं, की जगातली वार्षिक रुग्णसंख्या २०४० पर्यंत एकोणतीस लाखांवर जाईल. आपल्याकडे अजूनही बरेच रुग्ण आजार हाडांपर्यंत पोहोचल्यावर येतात आणि त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया सहसा उरतच नाही. पण पुण्या-मुंबईत 'फुल बॉडी चेकअप'च्या यादीत पीएसए ही रक्तचाचणी आल्यापासून ऑपरेशन करता येईल अशा टप्प्यावरचे रुग्ण वाढत चालले आहेत.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. 'प्रोस्टेटचं ऑपरेशन' म्हटलं की सोसायटीतले दोन-तीन काका लगेच म्हणतात, "त्यात काय, माझंही झालंय, चौथ्या दिवशी घरी!" त्यांचं झालेलं असतं ते दुर्बिणीतून वाढलेली ग्रंथी आतून खरवडण्याचं, म्हणजे टीयूआरपी. कॅन्सरसाठी मात्र अख्खी ग्रंथी, वीर्याच्या पिशव्यांसह काढून टाकतात आणि मूत्राशयाचं तोंड खालच्या मूत्रनलिकेला पुन्हा शिवतात. दोन्हींत रुग्ण त्याच वॉर्डात असतो आणि बाजूला तीच पिशवी लटकते, पण पुढचं आयुष्य सारखं नसतं. काकांच्या अनुभवावर विसंबून निर्धास्त झालेला रुग्ण लघवीची नळी निघाल्यावर हादरतो तो यामुळेच.

हादरण्याचं कारण शरीररचनेत आहे. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी बसलेली असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. लघवी धरून ठेवणाऱ्या दोन झडपा असतात, एक ग्रंथीच्या वर आणि एक खाली. ऑपरेशनमध्ये वरच्या झडपेचं काम बहुतांशी संपतं. आयुष्यभर जोडीने केलेलं काम खालच्या झडपेला आता एकटीने पेलावं लागतं. ताठरतेच्या नसा तर ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ चिकटून जातात. नुसत्या डोळ्यांना त्या नीट दिसतही नाहीत.

त्या नसा नेमक्या कुठून जातात, हेच विसाव्या शतकाची ऐंशी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. तेव्हापासून १९८० पर्यंत ती करून घेणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष नपुंसक होत असे, आणि ते अटळच आहे, असं डॉक्टर मानत. १९८१ मध्ये त्याच रुग्णालयाचे पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडेनला गेले. तिथे पीटर डोंकर हे निवृत्त प्राध्यापक मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाच्या नसा शोधत बसले होते. अर्भकात त्या मोठ्या माणसापेक्षा स्वच्छ उलगडतात. ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या आतून जात नाहीत, बाहेरून जातात, हे दोघांनी तिथे पाहिलं. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी ५२ वर्षांच्या एका प्राध्यापकावर नसा राखून पहिली शस्त्रक्रिया केली आणि वर्षभरात त्याचं कामजीवन पूर्ववत झालं. कॅन्सर काढताना माणसाचं बाकीचं आयुष्यही राखायचं, हा विचार या शाखेत तिथून रुजला.

आता नळीकडे येऊ. ऑपरेशननंतर आठवडा ते दोन आठवडे लघवीची नळी असते. मांडीला पट्टीने बांधलेली पिशवी, वरून सैल पायजमा, रात्री पलंगाच्या कडेला मोठी पिशवी. हे दिवस कटकटीचे असतात, पण गोंधळाचे नसतात, कारण सगळा कारभार नळीच सांभाळत असते. नळी निघते त्या दिवशी घरी जाताना रिक्षातच पहिला पॅड भिजतो. झोपेत बरं असतं. खुर्चीतून उठताना, शिंकताना, बादली उचलताना गळतं आणि संध्याकाळपर्यंत थकलेली झडप सकाळपेक्षा जास्त दगा देते. माणूस पाणी कमी पिऊ लागतो, गडद रंगाच्या पँट घालतो, लग्नात कडेची खुर्ची पकडतो, एसटीचा लांबचा प्रवास टाळतो. देवपूजा नेमाने करणाऱ्याला वेगळाच घोर लागतो. अंगावर ओला पॅड असताना देवाला शिवायचं कसं? नमाजी माणसाला नमाजाआधीच्या वुजूबद्दल हाच प्रश्न पडतो. ओला पॅड टाकायचा कुठे, ही अडचण तर जगभरची आहे. पुरुषांच्या स्वच्छतागृहांत त्यासाठी डबाच नसतो, म्हणून ब्रिटनमध्ये 'प्रोस्टेट कॅन्सर यूके' या संस्थेला खास मोहीम चालवावी लागली. आपल्या एसटी स्टँडांवर साधा नळ चालू असला तरी मिळवली.

हे किती जणांचं आणि किती काळ चालतं? सर्वांत भरवशाचं उत्तर ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' चाचणीत मिळतं. १९९९ ते २००९ या काळात ८२ हजारांहून अधिक पुरुषांची पीएसए तपासली गेली. आजार ग्रंथीपुरता मर्यादित असलेल्यांपैकी १,६४३ जण तयार झाले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पडले: शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. शस्त्रक्रियेच्या गटात आधी पॅड लागणारे होते शंभरात एक. सहा महिन्यांनी ते ४६ झाले आणि सहा वर्षांनी १७. संभोगाला पुरेशी ताठरता तिन्ही गटांत सुरुवातीला ६७ टक्क्यांना होती. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात ती १२ टक्क्यांवर आली, रेडिएशनच्या गटात २२ वर, लक्ष ठेवलेल्यांत ५२ वर. सहा वर्षांनी हेच आकडे १७, २७ आणि ३० होते. नुसतं लक्ष ठेवलेल्यांचीही निम्म्याहून अधिक घसरण झाली ती काही अंशी वयामुळे आणि काही अंशी त्यांतल्या अनेकांनी पुढे उपचार घेतल्यामुळे. पंधरा वर्षांत ६१ टक्क्यांनी ते घेतले.

या सगळ्याच्या बदल्यात काय मिळालं? पंधरा वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, रेडिएशनच्या २.९ आणि लक्ष ठेवलेल्यांत ३.१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण मात्र लक्ष ठेवलेल्यांत ९.४ टक्के होतं आणि शस्त्रक्रियेच्या गटात ४.७. म्हणजे शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, फक्त तो उशिरा दिसतो आणि सर्वांना सारखा होत नाही. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या चाचणीत आजार पुढच्या टप्प्यावर सापडलेले रुग्ण जास्त होते. तिथे शस्त्रक्रिया झालेल्यांना २३ वर्षांच्या हिशोबात सरासरी २.९ वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं. पासष्टीतल्या, बाकी धडधाकट माणसासाठी तीन वर्षं ही काही किरकोळ गोष्ट नाही.

दोन्ही चाचण्यांतली शस्त्रक्रिया मुख्यतः पोट उघडून केलेली होती. "आता रोबो आलाय, ते जुने आकडे विसरा," हे वाक्य इथेच कानावर पडतं. रोबोच्या इतिहासात भारतीय नावही ठळक आहे: पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये शिकलेल्या मणी मेनन यांनी डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात २००० नंतर ही पद्धत रुळवली. पण ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये रोबो आणि हाताने केलेली शस्त्रक्रिया यांची रीतसर तुलना झाली, तेव्हा रोबोत रक्तस्राव कमी निघाला. लघवीवरचा ताबा आणि ताठरता मात्र दोन वर्षांनी दोन्हीकडे सारखीच होती. स्वीडनच्या मोठ्या अभ्यासातही वर्षभराने लघवी गळणारे रोबोच्या गटात २१ टक्के आणि खुल्या शस्त्रक्रियेत २० टक्के होते. यंत्र कोणतं यापेक्षा ते चालवणारा हात कुणाचा आणि त्या हाताखालून किती रुग्ण गेले आहेत, हे महत्त्वाचं ठरतं. न्यूयॉर्कच्या अँड्र्यू व्हिकर्स यांच्या गटाने खुल्या शस्त्रक्रियेबद्दल २००७ साली दाखवलं होतं, की सर्जनचे कॅन्सरचे निकाल सुधारत सुधारत सुमारे अडीचशे ऑपरेशनांनंतर स्थिरावतात. रुग्णालयाच्या दर्शनी भागातल्या फलकावर रोबोचा फोटो असतो. सर्जनच्या ऑपरेशनांचा आकडा तिथे कधीच नसतो.

हाताला मदत करणारी नवी युक्ती मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. नसा वाचवायच्या तर ग्रंथीच्या अगदी कडेने कापावं लागतं आणि तिथे कॅन्सरच्या पेशी मागे राहण्याची भीती असते. म्हणून अनेक सर्जन नसांवर पाणी सोडतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पुढाकाराने ब्रिटनच्या पाच रुग्णालयांत झालेल्या चाचणीत रुग्ण टेबलावर असतानाच काढलेल्या ग्रंथीची कड गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. कड स्वच्छ असेल तर नसा ठेवायच्या, नसेल तर काढायच्या. २०२५ च्या निष्कर्षांनुसार वर्षभराने ताठरतेची तक्रार नसलेले किंवा किरकोळ असलेले पुरुष या पद्धतीत ३९ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत २३. यासाठी ऑपरेशन थिएटरशेजारी तयारीचा पॅथॉलॉजिस्ट लागतो. आपल्याकडची बरीचशी मोठी रुग्णालयंसुद्धा रोबोवर कोट्यवधी खर्च करतात आणि या माणसाच्या पगारावर अडतात.

व्यायामाबद्दल थोडं कटू सांगायला हवं. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात, त्यांचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी सुचवला. मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा करणाऱ्याला हा प्रकार नवा नाही आणि आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट ज्येष्ठांना तो याच नावांनी समजावतात. पण ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेनंतर गळती असलेल्या चारशेहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली, तेव्हा फिजिओथेरपिस्टने एकेकाला बसवून शिकवलेले आणि नुसती नेहमीची माहिती मिळालेले, दोघेही वर्षभराने एकाच जागी होते: एका गटात ७६ टक्क्यांना, दुसऱ्यात ७७ टक्क्यांना थोडीफार गळती उरली होती. व्यायाम सोडावा, असा याचा अर्थ नाही. ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केल्यास सुरुवातीचे महिने सुकर होतात, असं दिसतं. पण गळती थांबली नाही, तर तो रुग्णाच्या आळसाचा दोष नव्हे. वर्षानंतरही ती जास्त असेल, तर मूत्रनलिकेखाली आधाराची पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवता येते. ही झडप १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि निकाल उत्तम देते. तिची किंमत काही लाखांच्या घरात जाते, म्हणून ती फार थोड्यांपर्यंत पोहोचते. ती असते हेच ठाऊक नसणारे तर त्याहून जास्त आहेत.

गोळ्यांचंही तसंच. १९९८ मध्ये व्हायग्रा आली आणि त्या आधी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले अमेरिकी नेते बॉब डोल दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत पुरुषांना ताठरतेबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगू लागले. त्यांची तेव्हा भरपूर टिंगल झाली, पण त्यांच्यामुळे कितीतरी पुरुष डॉक्टरकडे गेले असतील. गोळी चालते ती नसा शाबूत असतील तर. रोज घेतल्याने नसा लवकर जाग्या होतात, ही आशा मोठ्या चाचण्यांत टिकली नाही. औषध थांबवल्यावर फरक उरला नाही. गोळी न चालल्यास व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन आणि शेवटी शिश्नात बसवायचं इम्प्लांट असे पर्याय उरतात. मुंबईचे अँड्रोलॉजिस्ट रूपिन शहा यांनी भारतीय खिशाला परवडेल असं इम्प्लांट तयार केलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

काही गोष्टी तर ऑपरेशनआधी कुणी सांगतच नाही. वीर्य यापुढे बाहेर येणार नाही, पण कामसुखाची जाणीव राहू शकते, ताठरता नसली तरीही. त्या क्षणी थोडी लघवी येऊ शकते. शिश्नाची लांबी किंचित कमी झाल्यासारखी वाटते. जांघेत हर्निया होण्याची शक्यता वाढते. नसा सावरायला दीड-दोन वर्षं लागतात, म्हणून तिसऱ्या महिन्यात 'सगळं संपलं' असा निकाल लावू नये. मूल हवं असणाऱ्या तरुण रुग्णाने शुक्राणू आधीच गोठवून ठेवायला हवेत. हे सगळं एका पानात मावतं.

सांगितलं जात नाही याचं कारण आपल्या ओपीडीत वारंवार ऐकू येणाऱ्या एका वाक्यात आहे: "काका, कॅन्सर गेला ना, मग झालं तर!" काका मान डोलावतात, कारण शेजारी मुलगा बसलेला असतो. मागे उभ्या असलेल्या काकूंना कुणी विचारतच नाही. त्यांचं कामजीवन या वयात संपलेलंच असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं असतं. रात्रीची चादर बदलणं, पॅड आणणं, गप्प झालेल्या नवऱ्याला पुन्हा कट्ट्यावर पाठवणं हा सगळा भार काकूंवर पडतो. मार्टिन सांडा यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासात बाराशे रुग्णांबरोबर सहाशेवर जोडीदारांनाही प्रश्न विचारले होते. या विषयात तो दंडक पडायला हवा होता. तो पडलेला नाही.

अडचण मोजमापातच आहे. 'आमच्याकडे ९५ टक्के रुग्ण कोरडे होतात' या दाव्यात कोरडं म्हणजे काय? कुणी एकही पॅड नसेल तर कोरडं म्हणतो, कुणी दिवसाला एक 'सावधगिरीचा' पॅड धरूनही. त्या एका पॅडच्या फरकाने टक्केवारी कुठल्या कुठे जाते. लॉस एंजेलिसचे मार्क लिटविन यांनी १९९८ मध्येच दाखवलं, की रुग्णाचा त्रास डॉक्टरांना रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा बराच कमी वाटतो. म्हणून रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली हवी. मिशिगन विद्यापीठात घडलेल्या 'एपिक' प्रश्नावलीचा २६ प्रश्नांचा छोटा अवतार आज जगभर वापरतात आणि तो भरायला दहा मिनिटं पुरतात.

याचा फायदा पाहायचा तर हॅम्बर्गच्या मार्टिनी क्लिनिककडे पाहावं. हार्टविग हुलांड आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून प्रत्येक रुग्णाला वर्षानुवर्षं प्रश्नावली पाठवतात, प्रत्येक सर्जनचे निकाल वेगळे काढतात आणि ते एकमेकांसमोर मांडतात. ज्याचा निकाल मागे पडतो, तो पुढे असलेल्याच्या टेबलाशी उभा राहून शिकतो. हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी जगापुढे ठेवलेल्या तुलनेत या क्लिनिकचे आणि सरासरी जर्मन रुग्णालयाचे जगण्याचे आकडे जेमतेम एका टक्क्याने वेगळे होते. वर्षभराने लघवी गळण्याचं प्रमाण मात्र सरासरी रुग्णालयात ४० टक्क्यांच्या वर आणि इथे १० टक्क्यांच्या आत. नामांकित ठिकाणी सोपे रुग्ण जास्त जातात, हा आक्षेप रास्त आहे, पण एवढी दरी तेवढ्याने भरत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण रुग्णालयनिहाय निकाल जाहीर करतं. आपला राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ पासून चालू आहे. तो रुग्ण मोजतो, मृत्यू मोजतो, पॅड मोजत नाही. परिणामी कोल्हापूरचा रुग्ण ब्रिटिश आकड्यांवर विसंबून निर्णय घेतो किंवा काकांच्या अनुभवावर.

विमा नियामकाच्या नियमांमुळे रोबो शस्त्रक्रिया २०२० पासून आरोग्य विम्यात येते, मर्यादेसह का होईना. जिथे पैसा विमा कंपनीचा किंवा सरकारी योजनेचा आहे, तिथे निकाल विचारण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. प्रश्नावली मराठीत छापून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर सहा-सहा महिन्यांनी दोन वर्षं भरून घ्यायला झेरॉक्सपलीकडे खर्च येत नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्याच्या फाइलमध्ये हा रिपोर्ट आला आहे, त्याने संमतीपत्रावर सही करण्याआधी जोडीदाराला शेजारी बसवून सर्जनला एवढं विचारावं: माझ्या प्रकारचा आजार नुसतं लक्ष ठेवण्याजोगा आहे का, की रेडिएशनही चालेल? तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत? त्यांतल्या किती जणांना वर्षभराने एकही पॅड लागत नाही? माझ्या नसा वाचवता येतील का, एका बाजूच्या की दोन्ही? आणि गळती थांबली नाही, तर पुढचा उपाय इथेच होतो की दुसरीकडे जावं लागेल? या प्रश्नांवर रागावणारा सर्जन बदलावा. बहुतेक वेळा हा आजार दुसरं मत घेण्याइतका वेळ देतो.